आणखी एक वर्ष



सप्टेंबर सरत आला. पावसाने आपापल्या अंगणातल्या पेरूच्या, लिंबोणीच्या आळ्यांत गवत माजले आहे. काहींनी खुरपे हाती घेतलेही असेल. याच दिवसांत आपल्या किल्लारीत आणखी एक आठवण दाराशी येऊन उभी राहते. ३० सप्टेंबरची. त्या दिवशी आपण मिस्सा अर्पण करतो, नावे वाचतो, मेणबत्त्या लावतो आणि घरी जातो. काही जण परतताना अंगणातल्या झाडाखाली थोडा वेळ बसतात. ही झाडे आणि ही आठवण यांचा एकमेकांशी काय संबंध, याविषयी आज बोलावेसे वाटते. आमच्याकडून एकदा हा संबंध चुकीचा जोडला गेला होता. त्याची कबुली देऊनच सुरुवात करतो.

या धर्मग्रामात आम्ही नवीन होतो. प्रवचनात गावाच्या जीवनातले उदाहरण द्यावे, असे सेमिनरीत शिकवलेले. म्हणून आम्ही लिंबोणीचे उदाहरण दिले. लिंबोणीला आंबे बहार धरायचा असेल तर पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात तिचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, काही गळतात. झाडाची वाढ थांबते आणि अन्न फांद्यांत साठून राहते. मग जानेवारीत आळी खणून, खत घालून, हळूहळू पाणी सोडतात आणि झाड फुलांनी भरून जाते. एवढे सांगून आम्ही म्हणालो की परमेश्वरही आपल्याला असाच ताण देतो. दुःखाशिवाय फूल नाही. भूकंपाचा उल्लेख आम्ही केला नाही, पण ऐकणाऱ्यांच्या मनात दुसरे काय आले असणार?

मिस्सा संपल्यावर एक वयस्क मावशी थांबल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "फादर, ताण म्हंजी काय ते मला ठावं हाय. मी सोता आंब्याला दिलाय. पन ताण देनारा मानूस झाडापाशी असतो. रोज बघतो. पानानं मान टाकली की पानी सोडतो. त्या राती कोन बघत हुतं?" आम्ही गप्प राहिलो. त्या पुढे म्हणाल्या, "आन् ताण दिला तर तेच झाड फुलतंय. माझं लेकरू तर गेलं. मग फुलायचं कुनी?"

पदराने डोळे पुसून त्या निघून गेल्या. आमच्याजवळ तत्त्वज्ञानाची पदवी होती, पण उत्तर नव्हते.

त्या रात्रीविषयी तुम्हाला आम्ही काय सांगावे? पण धर्मशिक्षणाला येणारी मुले त्यानंतर जन्मलेली आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे गेली. आपली जुनी घरे दगड-मातीची होती. मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती त्या पहाटे अंगावर आली. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या, पण लाकडी खणांचा सांगाडा उभाच राहिला, असे पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे.

मग नवी गावठाणे वसली. ज्याच्या नावावर जितकी जमीन, त्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. जुन्या गावात घराला घर लागून होते, झाड लावायला जागा कमी. नव्या गावात रस्ते रुंद, घरे सुटी सुटी आणि घराभोवती मोकळी जमीन. सुरुवातीला ती मोकळी जागा खायला उठत असे, असे अनेकांनी आम्हाला सांगितले आहे. त्याच जागेत हळूहळू पेरू, लिंबोणी, सीताफळ, आंबा, शेवगा आले. आज आपण ज्या सावलीत खाट टाकतो, ती बहुतेक सावली भूकंपानंतरची आहे.

त्या मावशींचा आंबाही असाच. खाल्लेल्या आंब्याची कोय त्यांनी नव्या घराच्या मोरीशेजारी पुरली. कलमी आंबा चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरू शकतो, पण कोयीच्या झाडाला आठ-दहा वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक लागतात. दहा वर्षे झाली. झाड हिरवेगार, डेरेदार, पण मोहोर नाही. घरमालक म्हणाले, तोडून टाकू, उगीच जागा अडवलीय. मावशींनी वर्षभराची मुदत मागून घेतली. त्या शोधाला लागल्या. एका जाणत्या शेतकऱ्याने झाड पाहून सांगितले की मोरीचे पाणी बारा महिने मुळाशी मुरते आहे, म्हणून झाड नुसते पालवते आहे, मोहोरायची त्याला गरजच पडत नाही. मावशींनी पाट काढून मोरीचे पाणी शेवग्याकडे वळवले. बुंध्यालगतचे आळे बुजवून फांद्यांच्या घेराखाली नवे आळे केले, कारण अन्न घेणारी बारीक मुळे बुंध्याजवळ कमी आणि घेराखाली जास्त असतात. पावसाळ्याच्या तोंडाला शेणखत घातले. पाऊस संपल्यावर मोहोर येईपर्यंत पाणी दिले नाही, पण रोज सकाळी झाडाला हात लावून पाहिले. दुसऱ्या वर्षी एका बाजूला मोहोर आला. म्हणजे ताण काय असतो, हे त्या आम्हाला पुस्तकातून सांगत नव्हत्या.

पुढे २०१६ साल आले. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी १२ एप्रिलला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी पोचली. आपल्याकडेही घागरीने मोजून पाणी वापरायचे दिवस होते. माणसाला आणि जनावरालाच पुरेना, तिथे झाडाला कुठून? मावशी तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी एका भोक पाडलेल्या मडक्यात ओतून मुळाशी पुरत. काळी जमीन तडकली की भेगांत मुळे तुटतात, म्हणून त्यांनी भेगा मातीने बुजवल्या आणि वर पाचोळा पसरला. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे आपल्याकडे म्हणतातच. झाड वाचले, पण दक्षिणेची एक मोठी फांदी वाळली ती वाळलीच. पुढच्या वर्षीही आंबा फारसा आला नाही.

बंधुभगिनींनो, या दोन प्रसंगांत आमच्या चुकीचे उत्तर आहे, असे आम्हाला आता वाटते. दोन्ही वेळा त्या झाडाला पाणी मिळाले नाही. पहिल्या वेळी त्याला ताण म्हणतात, दुसऱ्या वेळी दुष्काळ. फरक कशात आहे? ताण मोजून दिलेला असतो. तो कधी थांबवायचा हे ठरवणारा माणूस जवळ उभा असतो. ताणाआधी झाडाला वर्षभर खाऊपिऊ घातलेले असते आणि नंतर खत-पाणी तयार ठेवलेले असते. दुष्काळाला माप नसते. नुसत्या ताणाने झाड वाळते. त्यानंतर पाणी मिळाले तरच ते फुलते. आमच्या प्रवचनात आम्ही दुष्काळाला ताण म्हटले होते. भूकंपाला बहार धरण्याची पद्धत म्हटले होते. देवाविषयी असे बोलणे म्हणजे त्याचा गौरव करणे नव्हे.

आणखी एक फरक आहे. लिंबोणीला ताण देतो तो आपल्याला लिंबे हवीत म्हणून. झाड आपल्या उपयोगासाठी आहे. माणूस तसा नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने हे नीट मांडले आहे की माणसाला कधीही निव्वळ साधन म्हणून वापरू नये. मग एका लेकराचा जीव त्याच्या आईला सहनशील बनवण्याचे साधन होता, असे आपण म्हणू शकतो काय? जो माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवतो तो पिता असा हिशेब करील काय?

हा प्रश्न आपल्याच वाट्याला आला असे नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी, पोर्तुगालच्या लिस्बन शहरात मोठा भूकंप झाला. लोक मिस्सेला गेले होते आणि चर्चच्या इमारती त्यांच्यावर कोसळल्या. त्याआधी लायबनिझ या तत्त्ववेत्त्याने मांडले होते की शक्य असलेल्या सर्व जगांपैकी हेच जग सर्वांत उत्तम आहे. लिस्बननंतर व्होल्तेरने या विचारावर घणाघात केला. रूसोने १७५६ साली त्याला लिहिलेल्या पत्रात वेगळीच बाजू दाखवली की ती उंच, दाटीवाटीची घरे निसर्गाने नाही, माणसांनी बांधली होती. आपल्या जड माळवदांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जमीन हलली हे आपल्या हाती नव्हते, पण भिंत कशी बांधायची हे हाती होते आणि पुढेही आहे. व्होल्तेरने १७५९ मध्ये 'कांदीद' ही कादंबरी लिहिली. तिच्या शेवटी, जगभर हाल सोसलेली माणसे वाद थांबवून एका लहानशा बागेत कामाला लागतात. व्होल्तेर काही चर्चचा मित्र नव्हता. तरी हा शेवट वाचताना आम्हाला शुभवर्तमानातला एक माळी आठवला.

संत लूकच्या तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो भेटतो. दर तीन वर्षांनी एकदा, प्रायश्चित्तकाळातल्या तिसऱ्या रविवारी हे वाचन येते. शिलोह येथे एक बुरूज पडून अठरा माणसे ठार झाली होती. प्रभू येशू स्वतःच ही घटना काढतो आणि ऐकणाऱ्यांना विचारतो की यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा ते अधिक दोषी होते असे तुम्हाला वाटते काय? आणि स्पष्ट सांगतो, नाही. पडलेल्या भिंतीखाली जे गेले त्यांच्या पापाचा हिशेब मांडायला त्याने बंदी केली आहे. त्यांना ताण दिला होता असेही तो म्हणत नाही. उलट, जे वाचले त्यांना तो म्हणतो, तुम्ही वळा, तुम्ही पश्चात्ताप करा.

आणि लगेच, त्याच दमात, तो एका झाडाची गोष्ट सांगतो. द्राक्षमळ्यात एक अंजिराचे झाड होते. मालक तीन वर्षे फळ शोधत आला, मिळाले नाही. त्याने माळ्याला सांगितले, तोडून टाक, जमीन कशाला अडवायची? माळी म्हणाला, धनी, एवढे वर्ष राहू द्या. मी त्याच्याभोवती खणतो, खत घालतो. मग फळ आले तर उत्तम, नाही तर तोडा.

ही गोष्ट आम्ही अनेकदा वाचली होती, पण बुरुजाच्या शेजारी ठेवून कधी वाचली नव्हती. भिंत का पडली, या प्रश्नाला प्रभूने स्पष्टीकरण दिले नाही. त्याने खोरे हाती घेतलेला एक माळी दाखवला. माळी मालकाशी वाद घालत नाही, झाड का फळत नाही याची मीमांसा करीत नाही, झाडालाही दोष देत नाही. तो वेळ मागतो आणि त्या वेळात स्वतः काय करणार ते सांगतो. 'राहू द्या' आणि 'मी खणतो' ही दोन वाक्ये तो एकत्र बोलतो. नुसते 'राहू द्या' म्हणणे ही दया नव्हे, ती टाळाटाळ आहे. आपल्या अंगणात अशी किती झाडे आहेत, ज्यांना आपण तोडलेही नाही आणि खणलेही नाही!

माळ्याने मागितलेल्या वर्षाला शेवटही आहे. सत्याला तो झाकत नाही. एक वर्षानंतर पाहू, असे तो प्रामाणिकपणे म्हणतो. त्या वर्षाच्या अखेरीस काय झाले, अंजीर आले की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. ते आपल्यावर सोडले आहे, असे आम्हाला वाटते.

कोणी विचारील, मग द्राक्षवेलीच्या छाटणीचे काय? योहानच्या पंधराव्या अध्यायात पिता फळ देणाऱ्या फांद्या छाटतो, असे प्रभूनेच म्हटले आहे ना? होय, म्हटले आहे. पण ते त्याने स्वतःच्या मरणाच्या आदल्या रात्री, आपल्या शिष्यांना, स्वतःला वेल म्हणवून सांगितले. घाव त्याच्यावरही पडणार होता. यातून आम्ही आमच्यापुरता एक नियम केला आहे. छाटणीचा दृष्टांत माणसाने स्वतःविषयी बोलावा, दुसऱ्याविषयी नाही. "या दुःखाने मला शिकवले," असे ज्याने सोसले तोच म्हणू शकतो, आणि म्हणाला तर आपण टोपी काढून ऐकावे. पण अंत्यविधीच्या वेळी, दवाखान्याच्या दारात, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन "देवाची काहीतरी योजना असेल" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. धर्मगुरूला तर मुळीच नाही. तिथे आपल्याला एकच काम आहे. खणणे आणि खत घालणे. म्हणजे पाणी भरून देणे, भाकरी नेऊन देणे, कागदपत्रांसाठी तहसीलला सोबत जाणे, आणि वर्षभर जात राहणे. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. माळी ओळखू येतो तो सातव्या-आठव्या महिन्यात.

मग देव कुठे होता, हा मावशींचा प्रश्न उरतोच. त्याचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ आजही नाही, आणि असल्याचे सोंग आम्ही आता आणत नाही. एवढेच म्हणतो की आपल्या श्रद्धेतला देव भिंती पाडून माणसांना घडवणारा नाही. तो झाडाच्या बाजूने बोलणारा माळी आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरीजवळ रडणाऱ्या मरिया मग्दालियाने प्रभूला पाहिले, तेव्हा तिला तो माळी वाटला, असे योहान लिहितो. आपण तिला चुकलेली समजतो. ती फारशी चुकली नव्हती.

आता कामाचे बोलू. या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या अंगणातले एक दुर्लक्षित झाड निवडावे. गवत काढावे. आळे बुंध्याला चिकटून असेल तर बुंध्याला मातीची भर द्यावी आणि आळे फांद्यांच्या घेरापर्यंत वाढवावे. लिंबोणीच्या बुंध्याला पाणी लागून राहिले की डिंक्या होतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट बुंध्याला लावावी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत, लोखंडी भांडे वापरू नये. पेरूची किडकी, गळलेली फळे झाडाखाली राहू देऊ नयेत. ती खोल पुरावीत, नाही तर फळमाशी वाढते. वाळलेली फांदी स्वच्छ कापून टाकावी. तिच्याबद्दल वाईट वाटले तरी कापावी.

आणि त्याबरोबर एक माणूसही निवडावा. ज्याला आपण मनातून तोडून टाकले आहे असा. दारू सुटत नाही म्हणून ज्याच्याशी बोलणे सोडले तो भाऊ, दहावीत नापास होऊन घरी बसलेला मुलगा, वाटणीवरून दुरावलेली बहीण. त्याला आणखी एक वर्ष द्यावे. पण नुसते वर्ष नव्हे. या वर्षात आपण त्याच्यासाठी काय खणणार आणि कोणते खत घालणार, हेही ठरवावे. त्याच्या मुळाशी बारा महिने कुठल्या मोरीचे पाणी मुरते आहे, तेही पाहावे. कधीकधी दोष झाडात नसतो, आपण वळवलेल्या पाटात असतो.

मावशींच्या आंब्याची फळे लहान, रेषाळ आणि आंबट असतात. रायवळच ती. वाळलेल्या फांदीची खूण बुंध्यावर अजून दिसते. ती बाजू पुन्हा भरली नाही, आणि भरेल असे आम्ही कधी म्हणणार नाही. ज्या वर्षी आंबे येतात त्या वर्षी मावशी मिस्सेनंतर आम्हाला लोणच्यापुरत्या कैऱ्या आणून देतात. गेल्या वेळी त्यांनी पिशवी हातात दिली आणि म्हणाल्या, "फादर, अवंदा बारीक हायत. आळं जरा उशिरा केलं म्या." आम्ही म्हणालो, "मावशी, पुढच्या वर्षी आळे करायला आम्ही येतो." त्या हसल्या.

पाऊस थांबला आहे. ३० तारखेची मिस्सा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खोरे घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी यावे. आणि ज्यांच्या अंगणात आळे करायला आता हात उरलेले नाहीत, त्यांनी आम्हाला कळवावे.